स्वतःच्या आवाजात

४ जानेवारी

लिंबू,

आशीर्वाद मागाहून, आधी भांडण. तुझं शेवटचं पत्र कधी आलं ते मी सांगत नाही, कारण तू वकील, तारखेवरूनच वाद घालत बसशील. तुझा दादा रोज पोस्टमन येऊन गेला की दाराकडे बघतो आणि मग माझ्याकडे, जसं काही पत्र मीच गिळलंय.

फोन करते म्हणू नकोस. मागच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना? तो पडद्यावरची अक्षरं डोळ्यांनी एकेक करून शोधत वाक्य जुळवत होता, आणि तू पलीकडून ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का’ करत राहिलीस. वाक्य तयार होईतो तू फोन ठेवून मोकळी. मग यंत्र म्हणालं, ‘येतंय ऐकू. बहिरा नाही झालो.’ ऐकायला मी एकटीच होते. पत्राला घाई नसते, म्हणून त्याला पत्रच बरं वाटतं. मी वाचते, तो ऐकतो, आणि शेवटी त्याची एक ओळ त्याच्या शब्दांत मी लिहिते, हे आपलं ठरलेलं.

तब्येत आहे तशीच आहे. पाय गेले, हात गेले, तोंडातून शब्द फुटत नाही, पण डोळे आणि डोकं शाबूत, आणि खवचटपणाला तर काही म्हणजे काही झालेलं नाही. सकाळी व्यायाम करवून घ्यायला माणूस येतो. त्याने गाडी फाटकात वाकडी लावली की यंत्र बोलतं, ‘आरसा कशाला दिलाय? भांग पाडायला?’ इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवली, ती खोड जाणार थोडीच. तो माणूस म्हणतो, काका, तुमचं यंत्र अगदी तुमच्यासारखं बोलतं. मी म्हटलं, यंत्र नाही रे, तोच बोलतोय. आवाज पुरता जायच्या आधी तू धावपळ करून त्या कंपनीत त्याचा आवाज भरून घेतलास, त्याची आठवण न काढता माझा एक दिवस जात नाही.

आता कामाचं. आमच्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक पेपर विसरून गेलं. त्यात बातमी होती की आपली ती आवाजाची कंपनी कोणी मोठी कंपनी विकत घेतेय. तू मागे म्हणाली होतीस की दादाचा आवाज आपल्या घरातल्या खोक्यात नसून त्यांच्याकडच्या संगणकात असतो, आपल्याकडे फक्त येऊन बोलतो. मग दुकान विकलं तर आतला माल कोणाचा? तू याच कामातली आहेस. काही होणार नाही ना, एवढं कळव.

दादा म्हणतो : कोर्टाचं तोंड न बघता वकील म्हणवून घेते, निदान पत्र तरी वेळेवर लिही म्हणावं.

तुझी वहिनी

•

१३ जानेवारी

प्रिय वहिनी,

गुन्हा कबूल. शिक्षा भेटीत दे.

दादाला सांग, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि ती कोणाला चढावी लागू नये म्हणूनच मला पगार मिळतो. तुम्हाला वाटतं मी काळा कोट घालून टेबलावर मुठी आपटते. मी दिवसभर एका काचेच्या खोलीत बसते. कोणी संगणकावर चालणारी एखादी वस्तू बनवतो, दुसरा ती विकत घेतो, आणि उद्या बिघडली तर कोणाच्या नावाने बोंब मारायची ते मी आज लिहून ठेवते. मी एका ओळीत ‘शक्यतो’ खोडून ‘बंधनकारक’ घालते, समोरचा वकील ‘बंधनकारक’ खोडून ‘शक्यतो’ घालतो. जेवायच्या सुट्टीपर्यंत असे दोन शब्द झाले तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

सध्या फार काम आहे. जेवताना समोर कागद, झोपेत कागद.

तू बातमीचं विचारलंस. वहिनी, अशा गोष्टींवर मला बोलता येत नाही. कुठल्याच कंपनीबद्दल नाही. बातम्या काय, येत असतात.

पण माझं एक ऐक. दादाचा आवाज तू तुझ्या फोनवर भरून ठेवायला लाग. यंत्र बोलत असताना फोन शेजारी ठेवायचा, बस. त्याला म्हणावं, मनात असेल नसेल ते सगळं बोलून घे. लहानपणच्या गोष्टी, गाडीचे धडे, शिव्या, तुझं नाव, माझं नाव, आकडे, वार, सगळं. पुस्तक समोर धरून वाचायला लाव. रोज थोडं, पण रोज. कंटाळा करू नकोस, आणि का म्हणून विचारू नकोस. माझ्यासाठी कर.

दादा, तू पण ऐक. बोलून घे.

तुझी
लिंबू

•

२१ जानेवारी

लिंबू,

तुझं पत्र वाचून दाखवताना मी दोनदा कागद खाली ठेवला. तरी शेवटपर्यंत वाचलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

खरं सांग, डॉक्टरांनी तुला फोन केला ना? मागच्या तपासणीला ते माझ्याशी फार गोड बोलले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मला सांगायचं धाडस नाही, म्हणून बहिणीला सांगितलं असणार. आणि तू काय केलंस, तर मला आवाज भरून ठेव म्हणालीस. माणूस समोर बसलाय, मला टोमणे मारतोय, आणि मी त्याचा आवाज लोणच्यासारखा भरून ठेवू? मागे काय उरेल त्याची आत्तापासून सोय लावू?

तू लहान आहेस म्हणून मी तुला कधी लागेल असं बोलले नाही. आज बोलते. तू त्याला सोडून दिलंस. मी सोडलेलं नाही. फोन समोर धरला की त्याला कळणार नाही का, कशासाठी ते? त्याचे डोळेच तेवढे उरलेत, आणि त्या डोळ्यांना मी हे दाखवणार नाही. भरून बिरून काही ठेवायचं नाही आपल्याला. विषय संपला.

दादा म्हणतो : तिच्यावर चिडू नकोस. लिंबू आहे ती. ती खेळते, पण तिच्यावर डाव कधीच येत नाही.

तुझी वहिनी

•

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मला कोणत्याही डॉक्टरांचा फोन आलेला नाही. शप्पथ. दादाच्या तब्येतीबद्दल तुला जेवढं माहीत आहे तेवढंच मला. मी त्याला सोडून दिलेलं नाही, तसं पुन्हा लिहू नकोस, माझ्याच्याने वाचवत नाही.

तरी पाया पडते, आवाज भर. चिडून भर, मला शिव्या देत भर, पण भर.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. एका कामात एक ओळ घालून घ्यायची खटपट चालली आहे. ती मान्य झाली तर सगळं ठीक होईल. तोवर पत्राला उशीर झाला तर रागावू नका.

लिंबू

•

१० मार्च

लिंबू,

तू शपथ घेतलीस म्हणून डॉक्टरांचा विषय मी सोडला. रागात लिहिलं ते पाण्यात सोड. आवाज मात्र मी भरलेला नाही आणि भरणारही नाही. तो हट्ट तुझा, हा माझा.

तुझ्या ओळीचं काय झालं? एक ओळ घालायला महिनाभर भांडणारी माणसं जगात असतील, हे मी तू सांगितलंस म्हणून मानते.

इकडे तुझा दादा सुटलाय. इतकी वर्षं मोजकं बोलणारा माणूस, आता संध्याकाळी मी दुकानातून आले की सुरू होतो. त्याच्या शाळेतल्या गोष्टी, तुम्ही दोघांनी शेजाऱ्यांची सायकल विहिरीत पाडलीत ती गोष्ट (हे मला कोणी आजवर सांगितलं नव्हतं), मी गाडी शिकायला आले तेव्हा कोणता रुमाल बांधला होता ते. एकेका वाक्याला भाजी निवडून होते. डोळे लाल होतात, पाणी गळतं, तरी थांबत नाही. मी दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून आलेली, पाय सुजलेले, कधी ऐकते, कधी नुसतं हूं हूं करते. म्हटलं, काय रे, आता कसा कंठ फुटला? तर म्हणे, बायको सोडून कोण ऐकणार.

एकंदरीत मजेत आहे. तू उगाच काळजी करत होतीस.

दादा म्हणतो : सायकल मी नाही, लिंबूने पाडली होती.

वहिनी

•

१८ एप्रिल

लिंबू,

दादाचा आवाज गेला.

महिन्याच्या सुरुवातीला कंपनीचं पत्र आलं होतं. नव्या मालकाला हे काम पुढे चालवायचं नाही, अमुक तारखेला सगळं बंद होईल, असं होतं. मी घाबरले, पण खाली लिहिलं होतं की ज्याचा आवाज आहे त्याला तो मागून घेता येईल, तसा हक्क ठेवलेला आहे, अमुक नंबरवर फोन करा. तो आवाज दुसऱ्या यंत्रात घालता येतो म्हणे. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, कोणीतरी चांगला माणूस बसलाय तिथे, ज्याने आपला विचार केला. तुला कळवायचं राहूनच गेलं, कारण वाटलं, एका फोनचं तर काम.

फोनवर एक मुलगी होती, आवाजावरून अगदी कोवळी. नाव, पत्ता, सगळं विचारलं. मग म्हणाली, आता सरांना फोन द्या, त्यांनी स्वतःच्या आवाजात हे वाक्य म्हणायचं : ‘हा आवाज माझा आहे आणि तो मला परत हवा आहे.’ मी म्हटलं, अगं, ते बोलू शकत नाहीत, म्हणून तर तुमच्याकडे आवाज ठेवला. ती म्हणाली, मॅडम, नियम आहे, मालकाने थेट बोलायचं. मी फोन यंत्राजवळ धरला. दादाने वाक्य टाइप केलं, यंत्र बोललं, अगदी स्वच्छ. ती म्हणाली, सॉरी, हा बनवलेला आवाज आहे, हा चालत नाही, असा तर कोणीही बनवू शकतो. दादाने पुन्हा लिहायला घेतलं. ती बिचारी थांबली, हे खरं. यंत्र म्हणालं, ‘मला बोलता येत असतं तर मी तुमच्याकडे आलोच नसतो.’ मग तिने तोच नियम पुन्हा वाचून दाखवला, या वेळी जरा हळू.

आणि लिंबू, मग त्याने काय केलं माहीत आहे? मला डोळ्यांनी खूण केली, फोन तोंडाशी धर. मी धरला. त्याने तोंडाने बोलायचा प्रयत्न केला. खरंच केला. काय निघालं ते मी लिहीत नाही. तुम्ही दोघं भावंडं, तुला ते ऐकावं लागलं नाही, बरं झालं. मुलगी म्हणाली, सर, वाक्य जुळत नाहीये. मी फोन ठेवला.

उद्याचा माणूस तरी ऐकेल या आशेवर पुढे रोज फोन केला, दर वेळी दुसरं माणूस आणि तोच नियम. तारीख आली आणि यंत्र मुकं झालं. आता व्यायामवाल्याने त्यात दुसरा आवाज घालून दिलाय, फुकट मिळणारा, बातम्या सांगणाऱ्यासारखा. दादा तो वापरत नाही. पडदा समोर असतो, तो भिंतीकडे बघतो.

तू अशा कंपन्यांच्या नाड्या ओळखतेस. असला नियम ज्याने लिहिला त्याला शोधून काढ आणि विचार, मुक्या माणसाला बोलून दाखव म्हणताना तुझी जीभ झडली नाही का. आवाज परत आण. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

या वेळी दादाची ओळ नाही. त्याने दिली नाही.

वहिनी

•

२३ एप्रिल

वहिनी, दादा,

तो नियम मीच घातला आहे.

सरळ सांगते, कारण आता आडून सांगण्यासारखं काही उरलं नाही. ती कंपनी विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीची वकील मी होते. तुझं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हा कागद माझ्याच टेबलावर होते. त्यांना तिथले इंजिनिअर हवे होते, त्यांचं तंत्र हवं होतं. तुमच्यासारखी माणसं त्यांना ओझं वाटत होती. सगळं बंद होणार, हे मला माहीत होतं. अशिलाचं गुपित बाहेर फोडायचं नाही, घरातसुद्धा नाही, ही या धंद्याची पहिली अट आहे. म्हणून मी आवाज भर, आवाज भर करत बसले. भरला असता तर त्यावरून दुसरीकडे पुन्हा बनवता आला असता. तुला त्यात दादाचं मरण दिसलं, आणि मला तुझा समज पुसता येईना.

माझा भाऊ तिथला गिऱ्हाईक आहे, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्यांनी मला त्या कामातून बाजूला केलं असतं. मी सांगितलं नाही. वाटलं, आत राहिले तर काहीतरी वाचवता येईल, बाहेर पडले तर कोणीच बघणार नाही. आणि मी वाचवलं, वहिनी. ज्याचा आवाज त्याला परत मागता यावा, ही ओळ माझी आहे. तिच्यासाठी मी माझ्याच अशिलाशी भांडले. ती दोनदा खोडून परत आली, मी दोनदा घातली. मान्य झाली त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले, आनंदाने.

मग आवाज मागणारा माणूस खरा की खोटा, ते कसं ओळखायचं, हे जोडायचं होतं. मोठ्या कंपनीकडे त्याचा तयार मजकूर होता, त्यांच्या आवाजावर चालणाऱ्या फोनांसाठी केलेला. कोणी कोणाचा आवाज चोरू नये म्हणून माणसाने स्वतः बोलायचं. मी तो शब्द न् शब्द वाचला. नीट लिहिलेला होता. मी बरोबर म्हटलं आणि जोडला.

मला हे कसं दिसलं नाही, असं तू विचारशील. मीही रोज विचारते. तुझ्या पत्रात दादाची ओळ असते ना, ती मी त्याच्या आवाजात वाचते. माझ्या डोक्यात तो बोलतच असतो, वहिनी. त्याला बोलता येत नाही, हे त्या मजकुरावर नजर फिरवताना माझ्या मनातच आलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी ऑफिसात सगळं सांगितलं. मला काम थांबवायला लावलंय, चौकशी होईल, सनद राहते की जाते ते कळेल. ते असो. आवाजासाठी मी कंपनीला लिहिलं, नियम चुकला आहे, एवढा एक आवाज द्या. उत्तर आलं. लोकांची खासगी माहिती नव्या मालकाकडे राहू नये म्हणून ठरल्या तारखेला सगळे आवाज पुसून टाकायचे, असंही एक कलम होतं. तेही चांगलंच कलम होतं. त्यांनी ते पाळलं.

दादाचा आवाज आता कुठेही नाही.

लिंबू

•

३० एप्रिल

वकीलबाईंस,

तुमचं पत्र मिळालं. मी ते त्याला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं, कारण आमच्या घरात एकमेकांपासून काही लपवायची रीत नाही.

मी जानेवारीत तुम्हाला सरळ विचारलं होतं, काही होणार नाही ना. ‘होणार आहे’ हे दोन शब्द तुम्हाला लिहिता आले नाहीत. दिवसभर शब्द खोडता आणि घालता, त्यात आमच्या वाट्याला दोन आले नाहीत. गुपित तुमच्या अशिलाचं होतं. नवरा माझा होता.

सनद राहो नाही तर जावो, मला त्याचं काही नाही. पुन्हा पत्र लिहू नका.

मी दादाला ओळ विचारलेली नाही.

•

११ मे

लिंबू,

हे मीच लिहितोय. वहिनी दुकानात आहे. व्यायामवाला छापून टाकेल पेटीत.

वाक्यं लहान आहेत. डोळे दुखतात.

मला जानेवारीतच कळलं होतं. वहिनी तुझं पत्र वाचत होती तेव्हाच. डॉक्टरने काही सांगितलं असतं तर तू पत्र लिहिलं नसतंस. मिळेल ती गाडी पकडून आली असतीस. तू आली नाहीस. म्हणजे मरणार होतं ते दुसरंच काही. वर पेपरातली बातमी. दोन अधिक दोन.

वहिनीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी कंपनीला फोन लावला असता. माझी नणंद म्हणाली, असं म्हणाली असती. तिच्या पोटात काही राहत नाही. तुझी सनद गेली असती. तू कसा अभ्यास केलास ते मी बघितलंय. जिन्यातल्या दिव्याखाली बसायचीस.

भरून ठेवायचं तर फोन धरायला तिचेच हात. ती नाही म्हणाली. मी आग्रह धरला नाही. आग्रह धरायचा तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून आवाज होता तोवर वापरून घेतला. रोज संध्याकाळी तिच्याशी बोललो. भरून ठेवायला भिंतीशी बोललं तरी चालतं. मला तिच्याशी बोलायचं होतं.

तेव्हा तू एकटीने घालवला असं म्हणू नकोस. अर्धा मी. मोजायचंच तर.

नवा आवाज वाईट नाही. नुसता कोणाचा तरी आहे.

हे वहिनीला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला आता बोलताना तिच्याकडे बघवत नाही.

दादा

•

१५ मे

प्रिय वहिनी,

लिहू नका म्हणालीस, तरी लिहिते आहे. सोबत दादाचं पत्र आहे. त्याने तुझ्या माघारी लिहिलं, आणि तुला दाखवायचं की नाही ते माझ्यावर सोडलं.

तुला काय कळावं आणि काय कळू नये हे मी एकदा ठरवून बसले होते. आता ठरवणार नाही. पत्र जसंच्या तसं पाठवते आहे. त्याच्यावर रागावू नकोस, माझ्यावर रागाव.

चौकशी सुरू झाली आहे. मी घरी असते. काचेची खोली नाही, कागद नाहीत. सकाळी उठले की काय करायचं ते कळत नाही.

लिंबू

•

२४ मे

लिंबू,

तुझं पाकीट आलं तेव्हा फाडून टाकणार होते. त्याचं पत्र आहे असं दिसलं म्हणून वाचलं. दुकानात, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून वाचलं. मालकांनी विचारलं, ताई, बरं नाही का? मी म्हटलं, डोळ्यांत काही गेलंय.

म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं. भाऊ बहिणीला सांभाळत होता, बहीण भावाला सांभाळत होती, आणि दोघं मिळून मला. आणि मी तुला लिहिलं, आमच्या घरात काही लपवायची रीत नाही. वाचताना तुला काय वाटलं असेल.

मी रागावलेले नाही. राग येईल तेव्हा येईल, सध्या त्याला जागा नाही. मला त्या संध्याकाळी आठवतात. मी काय काय ऐकलं आणि काय नाही, ते आठवायला बघते. अर्ध्या वेळेला मी हूं हूं करत होते. आवाज बंद व्हायच्या दोनेक दिवस आधी तो मी गाडी शिकायला आले होते त्या दिवसाचं सांगत होता. ते त्याने आधीही सांगितलं होतं. माझी पाठ मोडली होती, भाकऱ्या व्हायच्या होत्या, आणि त्या कंपनीच्या फोनाफोनीने डोकं फिरलं होतं. तो म्हणाला, ‘त्या दिवशी तू उतरून गेलीस आणि मी’. तिथे पुढचा शब्द शोधत थांबला. आणि मी म्हटलं, पुरे आता, पाठ झालंय मला. आणि पडदा बाजूला सरकवला.

पडदा सरकवला की त्याला बोलता येत नाही, लिंबू. हे मला माहीत होतं. पाच मिनिटं घर शांत राहावं म्हणून सरकवला. दुसऱ्या दिवशी तो फक्त पाणी म्हणाला आणि कूस बदल म्हणाला. मग तारीख आली.

तो रोज इतकं का बोलतोय हे मला माहीत असतं तर मी पुरे म्हटलं नसतं. तुम्हा दोघांपैकी एकाने जरी सांगितलं असतं ना, तरी म्हटलं नसतं. ती सगळी संध्याकाळ मी भाकऱ्या टाकून त्याच्यासमोर बसले असते. तुझी सनद, त्याची माया, कंपनीचं गुपित, सगळं आपापल्या जागी खरं असेल. माझं एवढंच म्हणणं आहे.

काल मी त्याचं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. बघितलं त्याने. मी म्हटलं, मला सगळं कळलंय, आता भिंतीकडे बघायचं सोड. आणि विचारलं, त्या दिवशी मी उतरून गेले आणि तू काय, ते सांग. डोळ्यांनी नको नको करत होता. मी पडदा समोर ओढला आणि खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, माझ्याकडे वेळ आहे. त्याने बराच वेळ लिहिलं. मग यंत्र बोललं.

काय बोलला ते आमच्यातलं आहे, तुला लिहीत नाही. नवऱ्याने बायकोला आयुष्यात एकदा सांगावं असं होतं. ते मी त्या बातम्या सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलं. दादा माझ्याकडे बघत होता आणि मला त्याच्याकडे बघता येईना. घरात कोणी परकं बसल्यासारखं झालं. मी पदर सारखा केला.

ये तू. काम नाही म्हणतेस तर इकडेच ये.

तुझी
वहिनी